भरल्या पानावरून

“पांखरें पाहावयाला एवढ्या पहाटे खाडीवर कशाला जावयास हवें? माझ्या खिडकींत कावळा रोज येतो, तो पाहा आणि चहा घ्या,” असें आमच्या मातोश्रींनीं बजावलें, तेव्हां घड्याळांत साडेपांच झाले होते आणि आमची स्वारी दारांत जोडे चढवीत होती. पुतण्याच्या गळ्यांत कॅमेरा व त्याला हातभर लांबीचें भिंग. आमच्या दहा वर्षांच्या कन्येच्या हातीं वही. वहिनींच्या पिशवींत दुर्बीण आणि तिच्याशेजारीं दडप्या पोह्यांचा डबा. आणि आम्ही या सर्वांचे, निदान नांवाचे तरी, पुढारी.

वाचकहो, प्रत्येक मोठ्या कुटुंबांत कोणी ना कोणी एखादा नवा छंद घेऊन येतो आणि मग सगळें घर त्याच्या मागें ओढलें जातें. आमच्याकडे पूर्वीं पोस्टाचीं तिकिटें झालीं, मग गुलाबाचीं कलमें झालीं. गेल्या दोन वर्षांपासून पुतण्यानें पक्ष्यांचें वेड आणिलें आहे. या वेडांत मोठा गुण असा, कीं तें कोणत्याहि वयाला साधतें, आणि त्याच्यापायीं वडील माणसांना मुलांबरोबर एक अख्खा दिवस मोकळ्या हवेंत काढावा लागतो. त्यांत एक दोषहि आहे. तो या सहलींत आमच्या ध्यानीं आला; आणि तो दुसऱ्या कोणाच्या नव्हे, तर आमच्याच हातून घडला, म्हणून येथें सांगण्यास संकोच नाहीं.

खाडीवर पक्षी पाहावयाचे तर घड्याळापेक्षां पंचांग अधिक उपयोगीं पडतें. ओहोटीनें चिखलाचीं मैदानें उघडीं पडलीं, कीं पक्षी चरावयास उतरतात; भरतीचें पाणी चढलें, कीं त्यांचें वाढलेलें पान झांकलें जातें. कोंकणांतला जुना हिशेब असा, कीं तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. आम्ही निघालों त्या दिवशीं माघ वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारीं दीडच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास आधीं, सकाळीं साडेसातच्या आगेंमागें, ओहोटी. हा हिशेब मातोश्रींनींच आदल्या रात्रीं बोटांवर करून दिला होता. पुतण्यानें मोबाईलवर भरती-ओहोटीचें कोष्टक काढून तो ताडून पाहिला. फारसें अंतर निघालें नाहीं. तेव्हांपासून त्याच्या मनांत आजीविषयींचा आदर बराच वाढला आहे.

आमचें बिऱ्हाड ठाण्यास. त्यामुळें खाडी अगदीं दाराशीं. आठाच्या सुमारास ऐरोलीच्या बाजूनें आमची होडी सुटली. नावाडी साठीच्या घरांतला, कमी बोलणारा. दोन्ही कांठांना तिवरांची दाट रांग आणि तिच्या पायथ्याशीं चिखलांतून वर आलेलीं, पेन्सिलींसारखीं उभीं श्वासमुळें. पाणी नुकतेंच परतूं लागलें होतें. पहिल्या अर्ध्या तासांतच कन्येच्या वहीचें एक पान भरलें. लांब तांबड्या पायांवर तोल सांभाळीत चालणारा शेकाट्या. चिखलाच्या कडेनें शेपटी हालवीत धांवणारा तुतवार. एका पायावर ध्यानस्थ बसून दुसऱ्याच्या माशावर डोळा ठेवणारी ढोकरी. खांबावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. आणि पाण्यावर शेंकड्यांनीं तरंगणारे कुरव. यांपैकीं कांहीं कुरव हिमालयापलीकडील उंच तळ्यांवरून हिंवाळ्यापुरते आपल्याकडे येतात. डोक्यावरून तांबूस अंगाची, पांढऱ्या मानेची एक घार गेली. तिचें नांव ब्राह्मणी घार, असें पुतण्यानें सांगतांच कन्येनें विचारलें, “मग ती काय खाते?” उत्तर देण्याची पाळी येण्यापूर्वींच त्या घारीनें खालीं झेप घेऊन एक मासोळी उचलली. वहिनी म्हणाल्या, “नांवावर जाऊं नये, हें खरें.”

वळण घेतलें आणि समोर रोहित दिसले. आरंभीं तर चिखलावर कोणी गुलाबी वस्त्र वाळत घातलें आहे असें वाटलें. जवळ जातां जातां त्या वस्त्राला माना आणि पाय फुटले. येथें दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, अंगानें बराचसा पांढरा, गुलाबी चोंचीचें टोंक काळें. लहान रोहित तीन फुटांचा, पण रंगानें गडद, आणि त्याची चोंच काळसर तांबडी. या खाडींत गर्दी असते ती मुख्यतः लहान रोहितांची. त्यांची जेवणाची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. मान खालीं सोडून चोंच पाण्यांत उलटी धरावयाची, जिभेनें पाणी आंत-बाहेर खेळवावयाचें, आणि चोंचीच्या कडेला असलेल्या बारीक झालरीनें त्यांतलें सूक्ष्म शेवाळ गाळून घ्यावयाचें. आपल्या घरांत पंचा लावून ताक गाळतात, तोच प्रकार. अंगाचा गुलाबी रंगहि त्यांना या अन्नांतूनच मिळतो. पिलें जन्मतांना करड्या रंगाचीं असतात.

त्यांची वीण कच्छच्या रणांत होते. १९९० नंतरच्या दशकांत ते ठाण्याच्या खाडींत मोठ्या संख्येनें येऊं लागले. साधारण कार्तिक-मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत त्यांचा मुक्काम असतो, आणि कांहीं वर्षीं त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेलेली आहे. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटर भाग रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं ही खाडी पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादींत गेली. यांत गंमत अशी, कीं शहरांचें सांडपाणी खाडींत येतें, त्यानें शेवाळ माजतें आणि त्या शेवाळावर हे पाहुणे पोसतात. त्यांची पंगत आपल्याच उष्ट्यावर बसते म्हणाना! म्हणून सांडपाण्याचें कौतुक करावें असें नव्हे. तेंच मर्यादेबाहेर गेलें म्हणजे पाण्यांतला प्राणवायु संपतो आणि खाडीची खाडी मरते.

असो. होडी थांबली होती तेथून थवा शंभर-सवाशें पावलांवर असेल. पुतण्या भराभर चित्रें घेत होता, पण त्याचें समाधान होईना. रोहिताची खरी शोभा उडतांना. पंख पसरले म्हणजेच आंतला किरमिजी रंग आणि काळी किनार दिसते. “काका, एकदां उडाले असते तर!” एवढेंच तो म्हणाला. तो पुढें कांहीं बोलला नाहीं. बोललों आम्ही. “नावाडीबुवा, थोडी पुढें घ्या.” नावाडी म्हणाला, “एवढं बास आहे, साहेब. इथून दिसतंय चांगलं.” आम्हीं पुन्हां म्हटलें, शिवाय दोन पैसे अधिक देण्याचें बोललों. त्यानें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि एंजिन सुरू केलें.

पुढें जें झालें तें दहा-बारा सेकंदांत झालें. जवळच्या पक्ष्यांनीं माना वर केल्या, चालूं लागले, मग पळूं लागले, आणि पाहतां पाहतां दोन-तीनशें रोहित एकदम उठले. आकाश किरमिजी झालें. पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा अंगावर आला. कन्या टाळ्या पिटूं लागली. पुतण्याच्या कॅमेऱ्यानें तेवढ्या वेळांत साठ-सत्तर चित्रें टिपलीं. थवा वळला, खाडीपलीकडे गेला, आणि तेथेंहि न टेकतां दूर ठिपक्यांएवढा झाला. समोर नुसता चिखल उरला आणि त्यावर हजारों पावलांचे ठसे.

नावाड्यानें एंजिन बंद केलें. कांहीं वेळानें तो, रागानें नव्हे, सहज बोलल्यासारखें म्हणाला, “साहेब, तुमच्यांत जेवत्या माणसाला भरल्या पानावरून उठवतात का?”

आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. आमच्या आजोबांनीं एकदां दारावर आलेल्या सावकाराच्या माणसाला, आंत भाडेकरू जेवीत आहे म्हणून, पाऊण तास ओटीवर बसवून ठेवलें होतें. ‘देणें बुडत नाहीं, पण पानावरून उठविलेल्याचा घांस बुडतो,’ असें ते म्हणत. त्या घरचे आम्ही!

नावाड्यानें मग हिशेब सांगितला तो असा. पाणी चढावयास लागलें आहे. अकरापर्यंत हा चिखल बुडेल. मग हे पक्षी कांठापलीकडील तळ्यांवर आणि पाणथळींवर जाऊन, पाणी उतरेपर्यंत नुसते उभे राहतील. म्हणजे चरावयास मिळतात ते मोजके तास. त्यांतला अर्धा तास आम्हीं खाल्ला. आणि आमच्यासारख्या दहा होड्या एका सकाळीं आल्या तर? नवी मुंबईच्या बाजूच्या या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागाहि आतां निर्धास्त राहिलेल्या नाहींत; कोठें भराव पडतो, कोठें पाण्याची वाट अडते. मोठ्या शहराच्या आकाशांत उडणें हेंहि बिनधोक नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत घाटकोपरजवळ एका विमानाची धडक बसून तीसांहून अधिक रोहित मेले. ज्यांच्यामागें इतकीं संकटें, त्यांना चित्राच्या हौसेखातर उठविणारे आपणहि त्यांत भर घालतों.

परततांना होडींत फारसें कोणी बोललें नाहीं. आमच्या मनांत मात्र एक विचार घोळत होता. पूर्वीं कॅमेऱ्याच्या एका गुंडाळींत छत्तीस चित्रें निघत, आणि धुलाई-छपाईचा खर्च घेणाऱ्याच्या खिशांतून जाई. म्हणून हात आपोआप आंखडता राही. आतां एका मिनिटांत शेंकडों चित्रें निघतात आणि त्यांना पैसा पडत नाहीं. पण किंमत नाहींशी झालेली नाहीं. ती देणारा तेवढा बदलला. पूर्वीं ती छायाचित्रकार देत असे, आतां ती पांखरूं देतें.

दुपारचें जेवण पनवेलीस मावशीकडे होतें. वालाचें बिरडें, आमसुलाचें सार, गरम भात. पहाटेपासून हिंडलेल्यांना स्वर्गच. दुसरा भात पानांत पडतो न पडतो तोंच आमचा फोन वाजला आणि आम्ही संवयीनें उठूं लागलों. मावशी कडाडली, “भरल्या पानावरून उठायचं नाही!” पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. फोन वाजून वाजून थांबला.

उन्हें कलतांना कर्नाळ्यास निघालों. वाटेंत शिरढोण लागतें; आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचें हें जन्मगांव (१८४५), आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. मुलांना तें सांगून होईपर्यंत समोर किल्ल्याचा तो प्रसिद्ध सुळका अंगठ्यासारखा उभा राहिला. त्याच्या पायथ्याचें रान १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारें १२ चौरस किलोमीटर. एका अंगास मुंबई-गोवा रस्त्याच्या मोटारींचे भोंगे, आणि शंभर पावलें आंत गेलें कीं पाचोळ्यावर पडणाऱ्या पानाचाहि आवाज! सकाळीं पाणी आणि उघडें आकाश. आतां सांवली आणि झाडी. खाडींत पक्षी आधीं दिसतो आणि मग ओळखावयाचा. रानांत तो आधीं ऐकूं येतो आणि मग शोधावयाचा. शेपटीला दोन लांब काड्या लावल्यासारखा दिसणारा भृंगराज इतर पक्ष्यांच्या नकला करीत होता; तांबटाची ‘टुक् टुक्’ चालू होती; सातभाईंचें टोळकें, एकत्र कुटुंबाप्रमाणेंच, एकाच वेळीं सगळें बोलत पाचोळा उलथीत चाललें होतें.

इतक्यांत झुडुपांमागून शामाची शीळ आली. शामा म्हणजे आपल्या दयाळाचाच रानांतला भाऊ. पाठ काळी, पोट तांबूस, आणि गळा असा कीं भल्या गवयानें ऐकत राहावें. शीळ अगदीं जवळची, पण पक्षी दिसेना. पुतण्यानें खिशांतून मोबाईल काढला. त्यांत शामाच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका होती. ती वाजविली, कीं आपल्या हद्दींत दुसरा नर शिरला असें समजून खरा पक्षी चवताळून समोर येतो. मग चित्र हवें तसें मिळतें. हा उपाय सर्रास चालतो. पक्षी बिचारा खाणेंपिणें सोडून, नसलेल्या शत्रूशीं झुंजत राहतो. विणीच्या दिवसांत तर घरट्याकडेहि त्याचें दुर्लक्ष होतें.

एरवीं आम्हीं पुतण्याला तेथेंच दोन शब्द सुनावले असते. पण सकाळच्या प्रकारानंतर तोंड उघडण्याचा आमचा अधिकार राहिला नव्हता, आणि तें त्यालाहि ठाऊक होतें. कन्या मात्र वहींतून मान वर करून हलक्या आवाजांत म्हणाली, “दादा, तो आतां जेवत असला तर?”

पुतण्या क्षणभर थांबला. मग त्यानें मोबाईल खिशांत ठेवला आणि एका दगडावर बसला. आम्हीहि बसलों. पाऊण तास बसलों. समोर पाण्याचें एक लहानसें डबकें होतें. त्या वेळांत वहिनींनीं मुलांना हळू आवाजांत सलीम अलींची (१८९६–१९८७) गोष्ट सांगितली. बालपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ती कोणती हें विचारण्यासाठीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. १८८३ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हांचे सचिव मिलार्ड यांनीं त्या मुलाला हांकलून न देतां पक्ष्यांचा संग्रह दाखविला. त्या एका मेल्या चिमणीपासून भारतांतील पक्षिशास्त्राची एक मोठी वाट निघाली. पुढें १९३० सालीं याच जिल्ह्यांतील, अलिबागजवळच्या किहीमला त्यांनीं सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीजवळ दिवसेंदिवस आडोशाला बसून नुसतें पाहिलें. तेव्हां त्यांना उलगडलें, कीं घरटें विणतो तो नर; अर्धें विणून झालें म्हणजे मादी येऊन पारख करते, तिला पसंत पडलें तर संसार मांडला जातो, आणि मग नर घरटें पुरें करून दुसरें विणावयास घेतो. ‘सुगरण’ हें नांव स्त्रीलिंगी. पण श्रेय विणकराला द्यावें लागेल, हें सांगतांना वहिनींना थोडें जड गेलेंसें दिसलें. बंदुकीनें जी चिमणी मिळाली, तिनें नांव विचारावयास लावलें; पण हें गुपित मिळालें तें बसून राहिल्यानें.

शामा शेवटपर्यंत दिसला नाहीं. पण सांज होतां होतां डबक्यावरच्या फांदीवरून एक पांढरी रेशमी फीत खालीं आली, पाण्याला टेकली आणि वर गेली. स्वर्गीय नर्तक! काळें, तुरेदार डोकें, दुधासारखें अंग आणि शेपटीचीं वीतभर लांब दोन पिसें. त्यानें तीन वेळां बुडी मारली. आम्ही त्याच्यापासून वीस पावलांवर होतों, आणि आम्ही तेथें आहों कीं नाहीं याची त्याला पर्वा नव्हती. पुतण्याला चित्र मिळालें तें एकच. उजेड कमी, आणि शेपटीचा शेवट एका पानाआड.

वाचकांपैकीं ज्यांना असा एक दिवस काढावयाचा असेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी. कपडे मळकट हिरवे किंवा मातकट असावेत. सूर्य पाठीशीं ठेवावा, म्हणजे पक्ष्याचा रंग खरा दिसतो. पक्षी मान वर करून आपल्याकडे पाहूं लागला, म्हणजे तीच मर्यादा समजावी. एकहि पाऊल पुढें टाकूं नये. घरट्याचीं चित्रें घेऊं नयेत, ध्वनिमुद्रिका वाजवूं नये, आणि कुरवांना शेव-गांठी टाकूं नयेत. तो त्यांचा आहार नव्हे. कॅमेरा नसला तरी चालेल. वही मात्र हवी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचें नांव आणि संख्या एवढें लिहिलें, तरी तें चित्रापेक्षां कमी मोलाचें नसतें. आपल्या राज्यांत दरवर्षीं ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. घरांतील मुलांच्या हातीं वही देण्यास तो आठवडा चांगला.

रात्रीं घरीं परतल्यावर मातोश्रींभोंवतीं सगळें घर जमलें. पुतण्यानें पडद्यावर एकेक चित्र दाखविलें. उडत्या रोहितांचें चित्र येतांच सर्वांच्या तोंडून ‘वाहवा!’ निघालें. तें होतेंहि तसें. मातोश्रींनीं चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “सुंदर आहेत हो. पण सगळे एकदम उठले कशाला?”

खोलींत कोणी बोलेना. पुतण्या कांहीं तरी सांगूं लागला, त्याला थांबवून आम्हीं म्हटलें, “आम्हीं उठविले. जेवत होते.”

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें म्हणाल्या, “बरं, पुढचं दाखव.”

पुढचें होतें तें शेपूट तुटलेल्या स्वर्गीय नर्तकाचें. तें आम्हीं छापवून घेतलें असून आमच्या माजघराच्या भिंतीवर लावलें आहे. येणारे-जाणारे विचारतात, “याची शेपटी कोठें गेली?” कन्या त्यांना सांगते, “पानामागें आहे. आम्हीं तसंच राहूं दिलं.” रोहितांचें चित्र छापविलें नाहीं. पुढील वर्षीं माघ वद्य द्वितीयेस पुन्हां त्याच नावाड्याकडे जावयाचें ठरलें आहे. या खेपेस होडी कोठें थांबवावयाची, तें तोच ठरवील.